वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे मिळणारा वाढीव उतारा: उत्पन्नाच्या हिशेबात किती धरायचा?

हिशेबवही (प्रश्न)

पुढच्या ३० वर्षांतल्या पीक-उत्पन्नाचा अंदाज स्प्रेडशीटमध्ये मांडायचा आहे. पिकं चार: गहू, भात, सोयाबीन आणि मका. सध्याची मांडणी अशी आहे. मागच्या ३० वर्षांतला हेक्टरी उताऱ्याचा कल तसाच पुढे ओढला. त्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड ५५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५५० भाग) पोचल्याचा परिणाम म्हणून गव्हाला १३ टक्के, भाताला १२, सोयाबीनला १४ आणि मक्याला शून्य अशी भर घातली. भाव आजचेच ठेवले. उत्तर असं येतं की या वायूमुळे मका सोडून सगळ्यांचं उत्पन्न खात्रीने वाढणार.

हे उत्तर फारच सरळ वाटतं. शिवाय काही ठिकाणी हाच आकडा ३० टक्क्यांच्या आसपास दिलेला दिसतो, मग १३ बरोबर की ३०? तापमानाची घट वेगळी धरायची का? आणि भाव स्थिर ठेवणं किती चुकीचं आहे? जाणकारांनी कृपया आकड्यांसकट सांगावं.

---

पर्णरंध्र

आधी १३ आणि ३० चा घोळ सोडवू, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

३० च्या आसपासचे आकडे बंदिस्त जागेतल्या प्रयोगांमधून आले आहेत: काचघरं, वाढकक्ष, वरून उघड्या प्लास्टिकच्या टाक्या. तिथे कुंडीला पाणी आणि खत हवं तेवढं, वारा नाही, कडेने जास्तीचा उजेड, कीड जवळजवळ नाही. उघड्या शेतात हाच प्रयोग करायचा तर पिकाभोवती नळ्यांचं मोठं वर्तुळ मांडतात, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या नळ्यांतून वायू सोडतात आणि मधल्या संवेदकाच्या नोंदीवरून तो सतत कमी-जास्त करतात. याला ‘फेस’ प्रयोग म्हणतात. ॲरिझोनातलं मॅरिकोपा, इलिनॉयमधलं सोयाबीनचं शेत, जपानमधली शिझुकुइशी आणि त्सुकुबा इथली भातखाचरं, ऑस्ट्रेलियात हॉर्शम ही त्याची नावाजलेली ठिकाणं. स्टीफन लाँग, लिसा एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये या सगळ्याची बेरीज मांडली, तेव्हा ५५० पीपीएमला गव्हाची वाढ १३, सोयाबीनची १४, भाताची १२ टक्के आणि मका-ज्वारीची शून्य निघाली. म्हणजे बंदिस्त प्रयोगांच्या निम्म्याच्या आसपास. त्या तुलनेवर पुढे वादही झाला, पण शेताच्या हिशेबाला शेतातलाच आकडा घ्यावा. तुमचे आकडे योग्य आहेत, वापर चुकला आहे.

चूक पहिली. त्या प्रयोगांमध्ये तुलनेचा वाफा साधारण ३७० पीपीएमच्या हवेतला होता. आज हवाच ४२५ च्या आसपास आहे. म्हणजे त्या १३ टक्क्यांतला काही भाग तुमच्या आजच्या उताऱ्यात आधीच जमा आहे. शिवाय प्रतिसाद सरळ रेषेत जात नाही, पुढे पुढे मंदावतो. त्यासाठी नैसर्गिक लॉग वापरा. ३७० वरून ५५० ला जाताना लॉगचा फरक ०.३९६ येतो, १३ टक्क्यांना त्याने भागलं की गव्हाचा गुणक ०.३२८ मिळतो. तोच गुणक वापरून ४२५ पर्यंत आधीच मिळालेली भर काढली तर ४.५ टक्के. १.१३ भागिले १.०४५ केल्यावर उरतात ८ टक्के.

चूक दुसरी. वर्षाला अडीच पीपीएमची वाढ धरली तर तुमच्या ३० वर्षांत ५०० पर्यंतच पोचता, ५५० ला अजून २० वर्षं लागतील. ५०० साठी हाच हिशेब केला की गहू ५.१, भात ४.७, सोयाबीन ५.५ टक्के. एवढीच भर ३० वर्षांत, म्हणजे वर्षाला पाव टक्काही नाही. जगभरातला उताऱ्याचा कल बघा: गव्हाचा वर्षाला ०.९, भाताचा १, सोयाबीनचा १.३, मक्याचा १.६ टक्के. वाण, खत, पाणी आणि यंत्रांपुढे हवेचा वाटा लहानच आहे.

चूक तिसरी, आणि ही सगळ्यात जास्त होते. मागच्या ३० वर्षांच्या कलात हवेतल्या वाढीचा परिणाम आधीच मिसळलेला आहे, कारण त्या काळातही कार्बन डायऑक्साइड वाढतच होता. तो कल पुढे ओढून वर पुन्हा भर घातली की एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. आधी जुन्या कलातून तो वाटा वजा करा (वरचाच गुणक, मागच्या काळातले पीपीएम), उरलेला कल पुढे न्या आणि मग नवी भर घाला. तापमानाच्या घटीलाही हाच नियम.

मक्याचं शून्य का, तेही लक्षात ठेवलेलं बरं. गहू, भात, सोयाबीन, कापूस, बटाटा ही सी-३ पिकं. त्यांचं रुबिस्को हे विकर (हवेतला कार्बन पकडणारं एन्झाइम) कार्बन डायऑक्साइडऐवजी अधूनमधून ऑक्सिजन पकडतं आणि उष्ण हवेत त्यात पकडलेल्या कार्बनचा साधारण चौथा भाग वाया जातो. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की ही गळती कमी होते. मका, ज्वारी, ऊस, बाजरी ही सी-४ पिकं पानाच्या आतच तो वायू दाटवून घेतात, त्यामुळे बाहेर वाढला तरी त्यांना नवीन काही मिळत नाही. अपवाद एकच, पाण्याची ओढ. पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) थोडी मिटतात, जमिनीतला ओलावा चार दिवस जास्त पुरतो आणि कोरड्या वर्षी सी-४ पिकालाही फायदा दिसतो. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या मका-प्रयोगात हे स्पष्ट दिसलं.

---

ढगाळ_दुपार

तापमान वेगळं धरायलाच हवं. २०१७ मध्ये झाओ आणि सहकाऱ्यांनी चार वेगवेगळ्या पद्धतींचे निकाल एकत्र केले. जागतिक सरासरी तापमान १ अंशाने वाढलं की गहू ६, भात ३.२, मका ७.४, सोयाबीन ३.१ टक्के घटतो. यात कार्बन डायऑक्साइडचा फायदा धरलेला नाही, म्हणून हे आकडे वरच्या भरीशी गुणता येतात. ३० वर्षांत ०.६ अंश धरून बघितलं: गहू अधिक १.३, भात अधिक २.७, सोयाबीन अधिक ३.५, मका उणे ४.४.

पण ही जगाची सरासरी आहे. काही थंड प्रदेशांतला गहू १ अंशाने सुधारूही शकतो, उष्ण प्रदेशातला दाणे भरायच्या काळात भाजतो. आपल्या स्प्रेडशीटमध्ये त्या त्या पट्ट्याचा आकडा घालावा.

अजून एक, गुणाकारात न बसणारी गोष्ट. भाताला फुलोऱ्यात ३५ अंशांच्या वर तापमान मिळालं की परागकोश नीट फुटत नाहीत, दाणे पोचट राहतात. कार्बन डायऑक्साइडमुळे रंध्रं मिटली की बाष्पोत्सर्जन (पानांतून पाणी उडणं) कमी होतं आणि पिकाचं स्वतःचं तापमान हवेपेक्षा थोडं चढतं. म्हणजे जो वायू पीक वाढवतो तोच फुलोऱ्यातला धोका वाढवतो. फुलोऱ्याच्या १० दिवसांची वेगळी ओळ ठेवा, हंगामाच्या सरासरीत ते बुडून जातं.

दुष्काळाच्या बाबतीत एक गोड समजूत फार पसरलेली आहे, की कोरड्या वर्षी फायदा जास्तच होतो. इलिनॉयच्या सोयाबीन-प्रयोगाचे ८ वर्षांचे निकाल २०१६ मध्ये आले, त्यात उलटं दिसलं. ओल्या सुरुवातीत पाला जास्त वाढला, त्या पाल्यानेच पुढे पाणी जास्त उपसलं आणि तीव्र कोरड्या वर्षांत फायदा शून्यावर आला.

---

बाजारगणित

आता भावाकडे वळू. स्थिर भाव धरणं ही या स्प्रेडशीटमधली सगळ्यात महागडी चूक आहे.

नवं वाण किंवा ठिबक एका शेतकऱ्याने आधी घेतलं तर त्याचा उतारा वाढतो, बाजार हलत नाही आणि फायदा त्याच्याच खिशात राहतो. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो जगभर सारखा मिसळलेला आहे, त्यामुळे भर एकाच वेळी सगळ्यांना मिळते. आणि माणसं भाव उतरला म्हणून दुप्पट पोळ्या खात नाहीत. मागणी ताठ असते, म्हणून जादा माल थेट भावावर बसतो.

हिशेब असा करा. मागणीची लवचिकता (भाव १ टक्का हलला की मागणी किती टक्के हलते) ०.३ आणि पुरवठ्याची ०.५ धरू (दीर्घकालीन, उदाहरणापुरती). पुरवठा १ टक्क्याने सरकला की भाव १ भागिले ०.८, म्हणजे १.२५ टक्के उतरतो. सगळ्यांचा उतारा ५ टक्के वाढला तर भाव ६.२५ टक्के खाली, विक्री फक्त १.९ टक्के जास्त, कारण भाव उतरल्यावर थोडं क्षेत्र बाहेर जातं. एकूण उत्पादकांची उलाढाल साडेचार टक्के घटते. ज्याने क्षेत्र तेवढंच ठेवलं त्याचीही १.०५ गुणिले ०.९३७५, म्हणजे १.६ टक्के घट. वर जादा मालाची कापणी, पोती, वाहतूक हा खर्च त्याचाच. फायदा होतो तो खाणाऱ्याला, आणि तो खरा फायदा आहे. फक्त तो शेतकऱ्याच्या ओळीत लिहू नका.

अल्प मुदतीत हे आणखी तीव्र असतं. मायकेल रॉबर्ट्स आणि वोल्फ्राम श्लेंकर यांनी २०१३ मध्ये गहू, भात, मका, सोयाबीन यांच्या एकत्रित उष्मांकावर काढलेल्या लवचिकता इतक्या लहान आहेत की पुरवठ्यातला १ टक्क्याचा धक्का भाव ५ ते ७ टक्के हलवतो.

वरच्या प्रतिसादातले निव्वळ आकडे घेतले तर चित्र पालटतं. मका उणे ४.४ म्हणजे जगात मक्याचा भाव साडेपाच टक्के चढणार, आणि पशुखाद्यात मक्याला गहू पर्यायी असल्यामुळे गव्हाचा भावही थोडा ओढला जाणार. म्हणून ज्याचा मका थंड पट्ट्यात आहे आणि घटलेला नाही, त्याला शून्य जादा उताऱ्यावरही उत्पन्न वाढलेलं दिसेल. माझ्या मते स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक पिकाला दोन रकाने हवेत: आपल्या पट्ट्यातला बदल आणि जगातला बदल. उत्पन्न ठरतं ते या दोहोंच्या अंतरावर. जगाइतकाच फायदा झाला तर हातात काही उरत नाही.

भावात या वायूचा वाटा किती मोठा आहे त्याचा एक मोजलेला अंदाजही आहे. डेव्हिड लोबेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १९८० ते २००८ या काळाचा हिशेब केला. हवामानातल्या बदलामुळे प्रमुख पिकांचे भाव सरासरी १८.९ टक्के चढले असते. कार्बन डायऑक्साइडचा फायदा धरला तर ६.४ टक्के. म्हणजे भाववाढीचा मोठा भाग या भरीने झाकला गेला. तो आकडा थोडा जरी इकडे-तिकडे धरला तरी धोरण उलटं होऊ शकतं. २०१७ मध्ये फ्रान्सेस मूर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शेतीचे नवे आकडे घातल्यावर १ टन कार्बन डायऑक्साइडमागे शेतीचा २.७ डॉलर फायदा जाऊन ८.५ डॉलर तोटा येतो. तेवढ्याने त्या प्रारूपातली कार्बनची सामाजिक किंमत (१ टन जास्त सोडल्याने समाजाचं होणारं नुकसान) दुपटीहून जास्त झाली.

---

नत्राची_मात्रा

उतारा आणि भाव झाले, प्रत राहिली. ती सगळ्यांच्या लक्षातून निसटते, आणि निदान गव्हात तरी पैसे तिथेच जातात.

२०१४ मध्ये सॅम्युएल मायर्स आणि सहकाऱ्यांनी फेस प्रयोगांतले दाणे तपासले. साधारण ५५० पीपीएमला गव्हातलं जस्त ९.३, लोह ५.१ आणि प्रथिन ६.३ टक्के कमी. भातात जस्त ३.३, लोह ५.२, प्रथिन ७.८ टक्के कमी. सोयाबीनचं प्रथिन फारसं हललं नाही, कारण मुळांच्या गाठीतले जिवाणू नत्र पुरवतात. कारण समजायला सोपं आहे: पीठ-साखर वाढली, नत्र तेवढंच राहिलं, म्हणून टक्केवारी पातळ झाली. पाणी कमी ओढलं जातं, त्याबरोबर येणारं नत्रही कमी येतं. गव्हाच्या पानात नायट्रेटचं रूपांतरच मंदावतं असंही वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नोल्ड ब्लूम यांचं म्हणणं आहे, त्यावर अजून चर्चा आहे.

पैशात हे कसं उतरवायचं? आजपासून ५५० पर्यंत उरलेली प्रथिनघट ४ टक्के धरा. पावाच्या गव्हाचं सरासरी प्रथिन १२.५ असेल तर ते १२ वर येतं. दिसायला अर्धा टक्का. पण चढा भाव १२ च्या उंबरठ्यावर मिळत असेल तर सरासरी बघून चालत नाही, किती गाड्या उंबरठ्याखाली जातात ते बघावं लागतं. प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ०.८ धरलं तर १२.५ सरासरीला २७ टक्के माल खाली असतो, १२ सरासरीला ५० टक्के. चढ्या भावातली जादा रक्कम मूळ भावाच्या ६ टक्के असेल तर सरासरी भाव १.४ टक्के घसरला.

नत्र वाढवून प्रथिन राखता येतं का? काही अंशी. हेक्टरी ५ टन दाण्यात १२.५ टक्के प्रथिन म्हणजे ५.७ ने (गव्हाच्या प्रथिनातून नत्र काढायचा भाजक) भागून १०९.६ किलो नत्र. उतारा ८ टक्के वाढला आणि प्रथिन तेवढंच हवं तर ११८.४ किलो. जादा ९ किलो दाण्यात जायचे तर जमिनीत दिलेल्या नत्रातलं निम्मंच पोचतं असं धरून १८ किलो जादा द्यावं लागतं. ते पेरणीबरोबर दिलं तर पाला माजतो आणि पीक लोळतं. पोटरीच्या (ओंबी बाहेर पडण्याआधीच्या) आसपास द्यावं, म्हणजे दाण्यात उतरतं. आणि नत्र मुळातच कमी असेल तर उताऱ्याची भरही पूर्ण मिळत नाही. कमी खताच्या वाफ्यांत ती बरीच घटते. म्हणून ‘मोफत खत’ हा शब्द मला पटत नाही. मिळालेली भर टिकवायला विकतचं खत लागतं, आणि ते न परवडणाऱ्या शेतकऱ्याला १३ टक्के पूर्ण लागू होत नाहीत.

जस्त-लोहाची घट मात्र कुठल्याच भावात दिसत नाही. बाजार वजनाला पैसे देतो, जस्ताला नाही. मॅथ्यू स्मिथ आणि मायर्स यांच्या २०१८ च्या अंदाजाप्रमाणे या शतकाच्या मध्यापर्यंत आणखी १७.५ कोटी लोक जस्ताच्या आणि १२.२ कोटी लोक प्रथिनाच्या कमतरतेत ढकलले जातील. ज्यांचं बहुतेक जेवण भात किंवा गहूच आहे, तेच ते लोक. हा खर्च शेताच्या हिशेबात येत नाही म्हणून तो नाही असं नव्हे. देशपातळीचं गणित करत असाल तर वेगळ्या पानावर नक्की मांडा.

---

हिशेबवही

सगळ्यांचे मनापासून आभार. कलातली दुहेरी मोजणी खरोखरच झाली होती. ती काढून, ५०० पीपीएम आणि ०.६ अंश घालून, जगाचा रकाना वेगळा केल्यावर गव्हाचं निव्वळ उत्पन्न जवळपास जागेवरच राहतं.

दोन शंका उरल्या. पाण्याची बचत पैशात धरायची का? आणि अमेरिकेतल्या एका अभ्यासात १ पीपीएमला गहू १ टक्का, सोयाबीन ०.६ आणि मका ०.४ टक्के वाढतो असं आहे. ते घेतलं तर सगळंच बदलतं.

---

पर्णरंध्र

तो टेलर आणि श्लेंकर यांचा २०२१ चा अभ्यास. उपग्रहाने मोजलेला हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि काउंटीनिहाय (तिथल्या जिल्ह्यांनुसार) उतारा यांची सांगड घातली आहे. पद्धत विचारपूर्वक आहे, पण आकडा फेसशी ताडून बघा: १८० पीपीएमला १३ टक्के म्हणजे १ पीपीएमला ०.०७. गव्हाचा फरक १४ पट आहे. मक्याची ०.४ ची वाढ तर सी-४ पानाच्या कामकाजात बसवणं अवघड जातं. पीक स्वतःच हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं, वारा आणि ऋतू दोन्हींवर परिणाम करतात, म्हणून कारण आणि परिणाम सुटे करणं अशा आकडेवारीत फार कठीण असतं. वरची मर्यादा म्हणून वेगळी ओळ ठेवा, मूळ अंदाजात घालू नका.

पाण्याचं म्हणाल तर रंध्रं साधारण २० टक्के मिटतात, पण शेतातली बचत ५ ते १५ टक्केच निघते. पान तापतं, पाला वाढतो, आणि पिकावरची हवा कोरडी होऊन उरलेल्या रंध्रांतून जास्त ओढते. पाणी घनमीटरवर विकत असेल किंवा उपशाला वीज लागत असेल तरच ती पैशात धरा. एकरी ठरलेली पाणीपट्टी असेल तर शून्य लिहा, वाचलेल्या पाण्यावर जास्तीचं क्षेत्र भिजणार असेल तेवढा अपवाद. तापमानाने बाष्पीभवनाची मागणी वाढते ती याच ओळीतून वजा करा.

---

ढगाळ_दुपार

वाणाचाही एक रकाना ठेवा, कारण हाताशी असलेला तेवढाच भाग आहे. जास्तीची साखर साठवायला जागा नसेल तर पान स्वतःच रुबिस्को कमी करतं आणि भर विरते. त्सुकुबाला भाताचं ‘ताकानारी’ हे मोठ्या कणसाचं वाण ‘कोशिहिकारी’पेक्षा वाढीव कार्बन डायऑक्साइडचा जास्त फायदा घेताना दिसलं. फुटवे, ओंबीतले दाणे, शेंगांची संख्या जास्त असलेल्या वाणाला गुणक वरचा, कमी दाण्यांच्या वाणाला खालचा.

आणि तणांसाठी खर्चाची ओळ वाढवा. सी-४ पिकात सी-३ तण असेल तर फायदा तणाला होतो. लुइस झिस्का यांच्या प्रयोगांत वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढलेल्या काही तणांवर ग्लायफोसेट हे तणनाशक कमी चाललं, जमिनीखालची वाढ जास्त झाल्यामुळे ती पुन्हा फुटली. मक्यात भर शून्य धरताना फवारणीचा खर्च मात्र आजचाच ठेवला, असं होऊ देऊ नका.